डॅडी-लाँग-लेग्ज: ज्यूडीसाठी नक्की वाचा, पण जर्व्हिसबद्दल माझी तक्रार आहे

जीन वेबस्टरचं डॅडी-लाँग-लेग्ज परत एकदा वाचून काढलं आणि आता त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. १९१२ सालचं अमेरिकन पुस्तक आहे, छोटंसं आहे, दोन संध्याकाळींत आरामात संपतं, आणि वाचायला घेतल्यापासून चेहऱ्यावर जे हसू येतं ते जवळजवळ शेवटपर्यंत जात नाही. मन थकलेलं असेल, कशातच लक्ष लागत नसेल, तर मी कुणालाही हे पुस्तक बिनधास्त देईन. पण यातलं जे प्रेमप्रकरण आहे ना, त्याबद्दल मला बोलायचंच आहे, कारण बहुतेक जण 'किती गोड' म्हणून पुढे जातात आणि मला ते तसं सोडून देववत नाही. शेवट सांगितल्याशिवाय माझं म्हणणं कळणारच नाही, त्यामुळे ज्यांना आधीच शेवट कळलेला चालत नाही त्यांनी पुस्तक वाचून मग इकडे या.

तर गोष्ट अशी. जेरुशा ॲबट ही अनाथाश्रमात वाढलेली मुलगी. जॉन ग्रायर होम हे आश्रमाचं नाव, सत्त्याण्णव लहान मुलं, आणि त्यांना घासूनपुसून ट्रस्टींसमोर उभं करायचं काम हिच्याकडे, कारण ही सगळ्यांत मोठी. नावसुद्धा तिचं असं नाही, जेरुशा हे मॅट्रनबाईंनी कुठल्या तरी थडग्यावरून उचललेलं आणि ॲबट टेलिफोनच्या यादीत पहिल्या पानावर सापडलेलं. ट्रस्टी महिन्याच्या पहिल्या बुधवारी येतात, त्या दिवसाच्या धांदलीवर तिने शाळेत एक खट्याळ निबंध लिहिलेला असतो, तो एका ट्रस्टीला इतका आवडतो की तो तिला चार वर्षं कॉलेजला पाठवायचं ठरवतो. फी, राहणं-खाणं सगळं त्याचं, वर महिन्याला पस्तीस डॉलर हातखर्चाला. अट एकच, तिने महिन्यातून एकदा पत्र लिहायचं, लेखिका व्हायची तयारी म्हणून. तो उत्तर देणार नाही, आपलं खरं नाव सांगणार नाही, पत्रं जॉन स्मिथ या नावाने पाठवायची. तिने त्याला पाहिलंय ते फक्त जाताना, गाडीच्या दिव्यांमुळे भिंतीवर पडलेली लांबच लांब पायांची सावली, म्हणून ती त्याला डॅडी-लाँग-लेग्ज म्हणायला लागते, लांब तंगड्यांच्या त्या किड्यावरून. स्वतःचं नावही ती बदलून टाकते, ज्यूडी. पहिलं प्रकरण सोडलं तर अख्खं पुस्तक म्हणजे ज्यूडीची पत्रं, आणि मधेमधे तिने काढलेली बारकी बारकी चित्रं, जी खुद्द वेबस्टरनेच काढलीयेत.

आता यात जीव कशाने येतो, तर ज्यूडीच्या बोलण्याने. तिला जगातलं काहीच माहीत नाहीये आणि ते ती ज्या उत्साहाने भरून काढते ते वाचायला इतकं छान वाटतं! वर्गात कुणीतरी मायकेलँजेलोचं नाव घेतं, तिला तो देवदूत वाटतो आणि सगळा वर्ग हसतो. शेरलॉक होम्स कोण ते माहीत नाही, जॉर्ज इलियट हे पुरुषी नाव घेऊन लिहिणारी बाई आहे हे माहीत नाही, सिंड्रेलाची गोष्ट ऐकलेली नाही. बाकीच्या मुलींना हे सगळं घरात आपोआप मिळालेलं असतं, कुणी शिकवलेलं नसतं, आणि तिला मात्र एकेक करून मिळवावं लागतं. लिटल विमेन न वाचलेली आपण एकटीच आहोत हे लक्षात आल्यावर ती कुणाला काही न बोलता हातखर्चातले एक डॉलर बारा सेंट काढून ते विकत आणते. रोज रात्री अभ्यास बाजूला ठेवून ही पुस्तकं वाचायची, असा नियमच करते स्वतःला. ज्यांच्या घरात पुस्तकं नव्हती आणि जे शिकायला शहरात आले, होस्टेलवर राहिले, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. इंग्लिश मीडियमची मुलं ज्या नावांवर सहज हसतात ती नावं आपल्याला रात्री गुपचूप शोधावी लागतात, ते मी जवळून पाहिलंय, आणि वेबस्टरने ते किती बरोबर पकडलंय याचं दर वेळी नवल वाटतं.

एक पत्र तर माझं फार लाडकं आहे. पहिल्या ख्रिसमसला डॅडी सोन्याची पाच नाणी पाठवतो. ज्यूडी त्यातून स्वतःसाठी खरेदी करते, मनगटी घड्याळ, मॅथ्यू आर्नल्डच्या कविता, गरम पाण्याची पिशवी, खोली थंड म्हणून एक जाड रग, लिहायला पाचशे कागद, समानार्थी शब्दांचा कोश, आणि अगदी शेवटी, जरा लाजत, रेशमी मोजे. मोजे का, तर ज्युलिया पेंडल्टन नावाची एक श्रीमंत घरची मुलगी हिच्या खोलीत येऊन पायावर पाय टाकून बसते आणि तिचे मोजे रेशमी असतात. मग ज्यूडी काय करते, सगळ्या वस्तूंचं पार्सल आपल्या माणसांकडून आलंय असं मनातल्या मनात धरून चालते. घड्याळ वडिलांनी पाठवलं, रग आईने, पिशवी आजीने कारण आजीला सतत काळजी की हिला थंडी बाधेल, कागद धाकट्या भावाने, मोजे बहिणीने, कविता आत्याने, कोश काकाने. आणि हे सगळं ती डॅडीला सांगते आणि विचारते की अख्खं घरच्या घर तुम्हालाच व्हावं लागतंय, चालेल ना? हे वाचून हसायला येतं आणि घशात आवंढाही येतो, पण वेबस्टर तिथे एक शब्दही रडका लिहीत नाही, पुढच्याच ओळीत ज्यूडी दुसऱ्याच विषयावर गेलेली असते. पुस्तकभर हे असंच आहे. दया मागणारी पोरकी मुलगी यात कुठेच नाही.

उलट ती चांगली ठाम आहे. डॅडीने टोप्यांसाठी जास्तीचे पन्नास डॉलर पाठवले तर परत करते, मी भिकारी नाहीये म्हणते. स्कॉलरशिप मिळते तेव्हा डॅडीला ते पसंत नसतं, तरी घेते. एकवीस वर्षांची झाल्यावर लिहिते की मला मतदानाचा हक्क असता तर मी किती चांगली मतदार झाले असते, हा देश एवढी शिकलेली, प्रामाणिक नागरिक वाया घालवतोय. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला १९२० साली. वेबस्टर १९१६ मध्येच गेली, मुलीला जन्म दिल्यावर लगेच, लग्नाला वर्षही पुरतं झालं नव्हतं. तिने तो दिवस पाहिलाच नाही. ती स्वतः व्हासार या मुलींच्या कॉलेजातली, १९०१ ची पदवीधर, शिकत असतानाच अनाथ मुलांच्या संस्था जवळून पाहिलेली, आणि मार्क ट्वेन नात्याने तिच्या आईचा मामा. हे एवढं कळलं की ज्यूडीच्या तोंडची ती वाक्यं नुसती गंमत राहत नाहीत.

आता जर्व्हिस. ज्युलियाचा सगळ्यांत धाकटा काका, उंच, बारीक, श्रीमंत, घरातल्यांपेक्षा वेगळ्या विचारांचा. पुतणीला भेटायला येतो, ती वर्गात असते, म्हणून ज्यूडी त्याला कॅम्पस दाखवते, दोघं चहाला जातात, मफिन, मार्मलेड, आइस्क्रीम, केक, पोटभर गप्पा. मग लॉक विलो नावाचं कनेटिकटमधलं शेत, जिथे डॅडी तिला सुट्टीत पाठवतो, आणि तिथे गेल्यावर कळतं की हे शेत जर्व्हिसचंच होतं, त्याने ते आपल्या लहानपणच्या दाईला देऊन टाकलंय. माळ्यावर त्याचं लहानपणीचं पुस्तक सापडतं, आत पोरकट अक्षरात त्याचं नाव. पुढच्या वर्षी तो स्वतः तिथे राहायला येतो, दोघं डोंगर चढतात, बाहेरच स्वयंपाक करतात, पावसात भिजतात. ही पानं खरंच सुंदर आहेत. दोघांचं जमतं, दोघं एकाच गोष्टीवर हसतात, आणि ज्यूडीला तो आवडतो हे तिच्या आधी आपल्याला कळतं. ते मला खोटं वाटत नाही.

पण जर्व्हिस हाच डॅडी आहे. हे शेवटच्या पत्रात उघड होतं, आणि ते कळल्यावर पुस्तक परत पहिल्या पानापासून वाचलं की सगळं चित्र बदलतं. पहिल्या वाचनात ज्यूडी एका म्हाताऱ्या, टकल्या (ती विचारतेच की तुम्हाला टक्कल आहे का) उपकारकर्त्याला मन मोकळं करून लिहितेय असं वाटतं. दुसऱ्या वाचनात कळतं की एका पस्तिशीकडे झुकलेल्या माणसाबद्दल तिला काय वाटतं ते तोच माणूस दर महिन्याला वाचतोय, आणि तिला त्याचा पत्ताही नाही. ती त्याच्यावर रागावली, त्याची आठवण आली, दुसरा कुठला मुलगा बरा वाटला, सगळं त्याच्या टेबलावर जाऊन पडतंय. त्याला तिच्याबद्दल सगळं माहीत, तिला त्याच्याबद्दल तो दाखवेल तेवढंच.

आणि तो नुसता वाचत बसत नाही ना! ज्यूडीची मैत्रीण सॅली मॅकब्राइड, तिच्या घरी ज्यूडीने एक ख्रिसमस काढलाय, आईवडील, भावंडं, दारात पाय न पुसता आत येणारा भाऊ, आयुष्यात पहिल्यांदा तिने घर म्हणजे काय ते आतून पाहिलंय. सॅलीची आई तिला उन्हाळ्यात ॲडिराँडॅक्सच्या जंगलातल्या त्यांच्या कँपला बोलावते. सॅलीचा मोठा भाऊ जिमी प्रिन्स्टनला शिकतो, तोही असणार, होडी चालवायला शिकवणार. ज्यूडी आनंदाने डॅडीला कळवते, आणि सेक्रेटरीचं दोन ओळींचं पत्र येतं, जाऊ नये, लॉक विलोला जावं. कारण दिलेलं नाही. ज्यूडी विनवते, मग चिडते, मग जाते निमूटपणे लॉक विलोला, आणि तिथे थोड्या दिवसांनी कोण येतं, तर जर्व्हिस. पहिल्यांदा वाचताना हा योगायोग वाटतो. नंतर कळतं की पैसे देणाऱ्याने स्पर्धकाला बाजूला करून स्वतःची सोय करून घेतलीये. तिला जायचं होतं ते जिमीसाठी नव्हतंच, एका घरासाठी होतं, आणि हे त्याला कळायला हवं होतं, त्याच्याकडे तिची सगळी पत्रं होती की.

पुढच्या वर्षी युरोपचं प्रकरण. डॅडी तिला युरोपला पाठवायला निघतो, ती नको म्हणते, मला ही चैन परवडणारी नाही, मला ट्यूशन करून स्वतःचं कमवायचंय. आणि लगेच जर्व्हिस येऊन तेच पटवायला लागतो, मीही तिकडेच असेन, आपण मजा करू, आणि ती ऐकत नाही म्हटल्यावर तिला मूर्ख, हट्टी पोर म्हणतो, मोठ्यांना जास्त कळतं म्हणतो. एकच माणूस दोन तोंडांनी दोन्हीकडून दाब टाकतोय आणि तिला वाटतंय की दोन वेगवेगळ्या माणसांना एकच गोष्ट वाटतेय म्हणजे आपलंच काही चुकत असेल का. मला इथे जर्व्हिसचा खरंच राग येतो. पण इथेच ज्यूडीचं मला सगळ्यांत कौतुक वाटतं, कारण ती लिहिते की तो इतका हुकूम सोडत नसता तर मी कदाचित विरघळले असते, पण मला कुणी जबरदस्तीने वळवलेलं चालत नाही. आणि ती जातच नाही. उन्हाळाभर शिकवणी करते, आणि वर सॅलीच्या कँपलाही जाऊन येते, डॅडीची मनाई उशिरा पोहोचली याचा आनंद झाला असंही कळवते!

पदवीदानाच्या दिवशीची एक गोष्ट सांगते. डॅडीकडून गुलाबाच्या कळ्या येतात, जर्व्हिसकडून आणि जिमीकडून पण फुलं येतात. ज्यूडी त्या दोघांची फुलं न्हाणीघरातल्या टबात ठेवून देते आणि मिरवणुकीत डॅडीची फुलं हातात घेऊन चालते. वाचताना किती गोड वाटतं. पण त्या माणसाने त्या दिवशी दोन नावांनी दोन वेळा फुलं पाठवली आणि त्यातली कुठली हातात घेतली ते नंतर तिच्याच पत्रातून वाचलं, हे डोक्यात आलं की जरा अस्वस्थ व्हायला होतं.

आणि सगळ्यांत जास्त मला लागतं ते शेवटाजवळचं. जर्व्हिस लग्नाचं विचारतो, ज्यूडी नाही म्हणते. तिचं प्रेम आहे, पण मी अनाथाश्रमातली आहे, माझे आईवडील कोण तेही मला माहीत नाही, हे त्याला सांगायचं धाडस तिला होत नाही. तो समजतो की हिला जिमीशी लग्न करायचंय. दोन महिने ती झुरते. अगं, पण त्याला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे! त्यानेच तिला तिथून बाहेर काढलंय. जी गोष्ट लपवताना तिची चार वर्षं गेली ती गोष्ट त्याच्यापुरती गुपित नव्हतीच, आणि एका वाक्यात तो तिचं ओझं उतरवू शकला असता. शेवटी तो न्यूमोनियाने आजारी पडतो, ती डॅडीला सल्ला विचारायला पत्र लिहिते, भेटीला बोलावणं येतं, खोलीत जाते तर समोर जर्व्हिस, आणि तो हसून तिलाच विचारतो की तुला ओळखता नाही आलं का. तिने ओळखायला हवं होतं म्हणे! त्याने का लपवलं, कँपला का जाऊ दिलं नाही, याचं स्पष्टीकरण तो देत नाही, आणि ज्यूडी मागतही नाही. पत्रं फक्त तिची असल्यामुळे त्याला पुस्तकात कुठे उत्तर द्यावंच लागत नाही. एक पत्र हवं होतं त्याचं, माफीचं.

वयातल्या अंतराबद्दल लोक बोलतात, तो तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा आहे, पण माझा आक्षेप तेवढ्यावर नाहीये, १९१२ मध्ये तशी लग्नं होत होती आणि ज्यूडी शेवटी कमावती, स्वतःचं पुस्तक विकलेली बाई आहे. जुना काळ होता, सोडून द्या, असंही म्हणतात, आणि मला ते पटत नाही, कारण त्याच काळातल्या त्याच लेखिकेने ज्यूडीला विरोध करायला लावलाय. मला डॅडीशिवाय कुणी हुकूम करू शकत नाही आणि डॅडीलाही दर वेळी जमणार नाही, असं ज्यूडी लिहितेच. पुस्तक विकलं गेल्यावर हजार डॉलरचा चेक ती आपल्या शिक्षणाच्या परतफेडीचा म्हणून डॅडीला पाठवते. म्हणजे कर्ज आणि प्रेम यांची गल्लत होऊ नये हे वेबस्टरला पक्कं कळत होतं. ते इतकं नीट रचून झाल्यावर शेवटच्या चार पानांत तिने जर्व्हिसला इतक्या स्वस्तात का सोडलं, हा माझा प्रश्न आहे. त्याची चांगली बाजूही पुस्तकात आहे, तो तिच्या शिकण्यात कधी आडवा आला नाही, ती आजारी पडून चिडून लिहिते तेव्हा फुलांसोबत स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून पाठवतो आणि ज्यूडी ती वाचून रडते, कारण आयुष्यात कुणी तिच्यासाठी असं केलेलं नसतं. मलाही तिथे पाणी आलं डोळ्यांत. माणूस वाईट नाहीये, पण सगळी सूत्रं आपल्या हातात ठेवून प्रेम केलंय त्याने.

हे पुस्तक गाजल्यावर डॅडी-लाँग-लेग्ज नावाच्या बाहुल्या निघाल्या आणि त्या विक्रीचे पैसे अनाथ मुलांना घर मिळवून द्यायला वापरले गेले. जपानमध्ये पालक गमावलेल्या मुलांच्या शिक्षणाला मदत करणारी आशिनागा नावाची मोठी संस्था आहे, नाव याच कादंबरीवरून घेतलंय. मला वाटतं लोकांनी पुस्तकातलं नेमकं चांगलं तेच उचललं, शिकवा आणि मोकळं सोडा.

घ्यायचं असेल तर चित्रं असलेलीच आवृत्ती घ्या, चित्रांशिवाय ज्यूडी अर्धीच भेटते. फुकट हवं असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर आहे, इंग्रजी सोपं आहे, आठवी-नववीतली मुलगीसुद्धा वाचू शकेल. मुलींना जरूर द्या, फक्त वाचून झाल्यावर त्यांच्याशी बोला, जर्व्हिस बरोबर वागला का असं विचारा, तुम्हाला काय वाटतं ते नंतर सांगा. मला विचाराल तर ज्यूडीला पाचपैकी पाच आणि प्रेमकथेला तीन, तेही चहा आणि लॉक विलोमुळे.

याचा पुढचा भाग डिअर एनिमी, १९१५ चा. त्यात सॅली मॅकब्राइड जॉन ग्रायर होम चालवायला घेते आणि एका स्कॉटिश डॉक्टरशी कडाकडा भांडत भांडत तो आश्रम बदलून टाकते. तिथलं प्रेम मला जास्त पटलं, कारण दोघं समोरासमोर भांडतात, कुणी कुणाचं पत्र चोरून वाचत नाही. पण आनुवंशिकतेबद्दल त्या काळच्या ज्या कल्पना होत्या त्या त्यात जागोजागी आहेत आणि आज त्या वाचवत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. ज्यूडी आणि जर्व्हिसचं लग्न झालेलं असतं, सॅली बहुतेक सगळी पत्रं ज्यूडीलाच लिहिते, आणि ज्यूडीचं एकही उत्तर छापलेलं नाही. मला ती फार हवी होती त्यात.